मोबाइल काढून घेऊ का, मॅडम?

बाईंनी पर्समधून मोबाइल काढून माझ्या टेबलावर ठेवला. स्वतःचा नव्हे, मुलीचा. "दोन दिवस कपाटात कुलूप लावून ठेवला होता. दोन दिवस पोरीनं अन्नाला हात लावला नाही. काल ह्यांनी वैतागून परत दिला, तर पुन्हा तेच सुरू. आता तुम्हीच सांगा मॅडम, काढून घेऊ का असू दे?" शेजारी वडील खाली मान घालून बसले होते. मुलगी बाहेरच्या बाकावर.

सांगलीत मी किशोरवयीन मुलांचं समुपदेशन करते. करोनातल्या ऑनलाइन शाळेनंतर हा प्रश्न माझ्याकडे आला नाही असा आठवडा गेलेला नाही. पालकांना हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर हवं असतं, आणि ते मला देता येत नाही. म्हणून त्याच मुलीची हकीकत सांगते. तिची आणि आईवडिलांची परवानगी घेतली आहे, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आपण तिला सई म्हणू.

सई नववीत. आठवीपर्यंत वर्गात वरच्या नंबरात, शाळेच्या खो-खो संघात. गेल्या सहा महिन्यांत मार्क घसरले, खो-खो सुटला, सकाळी हाका मारून घसा बसला तरी उठत नाही, डोकं दुखतंय म्हणून शाळा बुडते, धाकट्या भावावर खेकसते. वडिलांचं निदान तयार होतं. "व्यसन लागलंय, दुसरं काय! आमच्या गावाकडं असलं काही नव्हतं, हे शहराचं वारं." तासगावकडे त्यांची द्राक्षबाग आहे. मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाड सांगलीत.

शहराचं वारं वगैरे काही नाही, हे त्यांना सांगावं लागलं. 'असर' या ग्रामीण भागातल्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ मध्ये १४ ते १६ वयाच्या मुलांना मोबाइलबद्दल विचारलं होतं. ज्यांना तो वापरता येतो, त्यांच्यातल्या ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी वापरला होता. अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. म्हणजे सई गावात राहिली असती तरी फार वेगळं घडलं असतं असं नाही.

मग मी विचारलं, ती मोबाइलवर करते काय? "इन्स्टा, रील, चॅटिंग." कुणाशी? काय बोलणं होतं? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी त्यांना दोष देत नाही. मुलं किती तास मोबाइलवर असतात, हे बहुतेक पालकांना तोंडपाठ असतं. तिथे त्यांच्या वाट्याला काय येतं, हे विचारायचं मात्र राहून जातं.

सई आत आली. मोबाइल तिला परत दिला. तिने तो टेबलावर पालथा ठेवला आणि वर तळहात. बोलताना तो थरथरला की तिची बोटं आक्रसायची. थोड्या वेळाने मीच म्हटलं, "बघ गं, माझी हरकत नाही." तिने उलटा केला, दोन सेकंद पाहिलं, पुन्हा पालथा ठेवला. आवडीचं काही बघणाऱ्या मुलीचा चेहरा मला माहीत आहे, हा तसा नव्हता. निकालाच्या यादीत आपलं नाव शोधणाऱ्याचा असतो ना, तसा होता.

दुसऱ्या भेटीत तिने स्वतःहून मोबाइल माझ्यापुढे धरला. त्याच्या सेटिंगमध्ये आदल्या दिवशीचा हिशेब होता. एकूण वेळ चार तासांच्या आसपास, पण मोबाइल उघडला होता १६३ वेळा. यातले बरेचसे उघडणे रात्री अकरा ते दोनच्या मधले. एक मिनिट, अर्धं मिनिट. मी विचारलं, एवढ्या वेळा काय बघतेस? आणि मग ती रडायला लागली.

पाच जणींचा गट होता. पाचवीपासूनचा. इन्स्टावर एखादी गोष्ट फक्त जवळच्यांनाच दिसावी म्हणून 'क्लोज फ्रेंड्स'ची यादी करता येते. त्या यादीत तुम्ही असलात, तर त्या मैत्रिणीच्या स्टोरीभोवती, म्हणजे चोवीस तासच दिसणाऱ्या पोस्टभोवती, हिरवं कडं दिसतं. यादीतून काढलं तर कुणी कळवत नाही. हिरवं कडं दिसायचं बंद होतं, एवढंच. सईला एका मैत्रिणीचं हिरवं कडं दिसेनासं झालं, मग दुसरीचं. वर्गात त्या तिच्याशी हसूनखेळून बोलत होत्या. पण मधल्या सुट्टीत आदल्या रात्रीच्या कुठल्यातरी गोष्टीवरून हसायच्या आणि सईला त्यातलं काही ठाऊक नसायचं. एकीच्या वाढदिवसाचे फोटो तिला तिसऱ्याच मुलीच्या स्टोरीत दिसले. त्या दिवसापासून ती पाहत होती, हिरवं कडं परत येतंय का. स्वतःचे फोटोही टाकायची. तीसेक सेल्फी काढून त्यातला एक. वीस मिनिटांत अकराच लाइक आले, म्हणून तो काढून टाकला, हेही तिने सांगितलं. 'त्या चौघींपैकी कुणी बघितला' ही यादी मात्र तिला पाठ होती.

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग केले. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर कबूतर पोटापुरतं दाबतं. दाणा कधी येईल याचा नेम नसेल, तर दाबतच राहतं. सईचा अंगठा तेच करत होता. फरक इतकाच, की तिला हवा असलेला दाणा म्हणजे पाच वर्षांची मैत्री होती. म्हणून 'व्यसन' हा शब्द मला तिच्याबाबतीत अपुरा वाटतो. आणि म्हणूनच कपाटातले ते दोन दिवस तिला इतके जड गेले. डोळ्यांसमोर आहे तोवर निदान कळतं तरी. बंद कपाटामागे त्या चौघी आपल्याबद्दल काय काय बोलत असतील, याला अंत नव्हता.

त्याच भेटीत मी तिला सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का कधी?" असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल, अशी भीती पालकांना आणि कधीकधी शिक्षकांनाही वाटते. तसं होत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून मुलं सुटकेचा श्वास टाकतात. सई म्हणाली, "मरावंसं नाही. पण मी नसते तरी कुणाला कळलं नसतं, असं वाटतं." हे मी आईवडिलांना सांगणार आहे, असं आधी तिला सांगितलं, मग त्यांना सांगितलं, आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तपासून समुपदेशन चालू ठेवायला सांगितलं, औषध लागलं नाही. प्रत्येक मुलाचं असंच होईल असं नव्हे. मूल असं काही बोललं, अंगावर जखमा दिसल्या किंवा खाणं-झोपणं तुटलं, तर मोबाइलचा वाद बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीतही बोलता येतं.

वडिलांना समजावणं सगळ्यात अवघड होतं. शेवटी मी विचारलं, "दादा, द्राक्षं तयार झाली की तुम्ही रात्री बागेत राखणीला जाता ना? झोप लागते?" "कुठली मॅडम, पान हललं तरी डोळा उघडतो." "सई सहा महिने राखणीला बसलीय. माल मात्र कधीच हातातून गेलाय." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि मी तिला आळशी म्हणत होतो."

पहिलं काम झोपेचं. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, सई पाच तासांवर आली होती. त्यात पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकलेलं असतं, वर मोबाइलचा उजेड आणि धास्ती. ठरलं असं, की रात्री साडेनऊला घरातले सगळे मोबाइल स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारच्या प्लगवर. सगळे म्हणजे वडिलांचाही. ते जेवताना बाजारभाव बघत बघत रीलवर पोचतात, हे भावाने सांगून टाकलं होतं. गजरासाठी घड्याळ आणलं. पहिल्या आठवड्यात दोनदा सई रात्री उठून स्वयंपाकघरात गेली. आईला मी आधीच सांगितलं होतं, ओरडू नका, पाणी द्या आणि शेजारी बसा.

इथे मला आमच्याच जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवतं. २०२२ मध्ये त्या गावाने ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद. त्यातली मला पटलेली गोष्ट ही, की सगळ्यांचेच बंद. मग एकटं मागे राहण्याची भीतीच उरत नाही. सईच्या चार मैत्रिणींच्या घरी काही भोंगा वाजत नव्हता, म्हणून तिच्या घरात निदान चौघांचे तरी एकदम बंद व्हायला हवे होते.

दुसरं काम एका जुन्या वहीचं. मोबाइल ठेवल्यावर तीन रकाने भरायचे. काय पाहिलं, आधी कसं वाटत होतं, नंतर कसं वाटलं. दहा दिवसांनी आम्ही वही घेऊन बसलो. चित्रं काढायला शिकवणाऱ्या व्हिडिओंपुढे 'बरं'. मामेबहिणीशी बोलण्यापुढे 'मस्त'. चौघींच्या स्टोरीपुढे 'छातीत धडधड', 'घाण', 'घाण', 'रडले'. मी काही बोलले नाही. तिनेच त्या चौघींच्या स्टोरी दिसणं बंद केलं. ॲप काढलं नाही, मीही काढायला सांगितलं नाही.

पुढे तिने त्यातल्या एकीला शाळेत गाठून विचारलं, काय झालं होतं? काय बोलायचं, याचा सराव आम्ही माझ्या खोलीत केला होता. उत्तर आलं, "काही नाही गं, असंच." ती मैत्री परत जुळली नाही. तो आठवडा वाईट गेला, पण त्या आठवड्यात ती झोपत होती, आणि रडायला आई होती.

अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर, डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये बजावलं होतं, की दिवसाला तीन तासांहून जास्त वेळ समाजमाध्यमांवर असणाऱ्या किशोरवयीनांना नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट असतो. पालक हा आकडा घेऊन माझ्याकडे येतात. तो गंभीरपणे घ्यावा. पण खिन्न मूल मोबाइलकडे वळतं आणि मोबाइलने आणखी खिन्न होतं, असं दोन्ही बाजूंनी चालतं. सईचे तास चार महिन्यांनी तीनच्या खाली आले, पण मी पाहत होते ते उघडण्याचे आकडे. १६३ चे ४० झाले.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा गाडी घसरली. रात्रीचे मोबाइल, चिडचिड. आईचा घाबरून फोन आला, "मॅडम, आता तरी काढून घेऊ का?" मी विचारलं, मिक्सरशेजारी कुणाकुणाचे मोबाइल असतात सध्या? पलीकडे जरा शांतता. "पाहुणे होते ना, म्हणून कुणाचेच नाहीत." त्या रात्रीपासून पाहुण्यांसकट सात मोबाइल तिथे लागले. सुट्टीनंतर सई आली ती खो-खोच्या सरावावरून, गुडघ्याला लाल माती लागलेली. वही विसरली होती.