आकार बदलणाऱ्या चाकांचा तपासणी रोबो करायचाय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, चौघांचा गट, आणि साखर कारखान्यातल्या किंवा फौंड्रीतल्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातल्या) धोक्याच्या जागी माणसाऐवजी जाणारा रोबो करायचाय, ज्याची चाकं अडथळा आला की उघडून पायांसारखी होतील. चाकाची रचना कुठली घ्यावी आणि मोटर केवढी लागेल, हे तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात स्पेशल पर्पज मशीनचं, म्हणजे एका ठरावीक कामासाठीच केलेल्या यंत्रांचं, डिझाइन करतो, तपासणीच्या गाड्यांवरही काम केलंय. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण या कामाची आपल्या भागात खरोखर गरज आहे. पण तुमच्या प्रश्नात रोबो आत कसा जाईल याचा सगळा विचार दिसतो, बाहेर कसा येईल याबद्दल एक शब्द नाही. माझं स्पष्ट मत आहे की या रोबोचं डिझाइन बाहेर येण्यापासून सुरू करायचं. चाक त्यानंतर.

जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पाचं उदाहरण बघा. एप्रिल २०१५ मध्ये पहिल्या अणुभट्टीच्या कवचात आकार बदलणारा एक रोबो सोडला होता. १० सेंटिमीटर व्यासाच्या पाइपातून तो सरळ काठीसारखा आत गेला आणि आत उतरल्यावर वळून इंग्रजी सी अक्षरासारखा झाला. आकार बदलणं व्यवस्थित जमलं. साधारण दहा मीटर गेल्यावर तो अडकला आणि शेवटी केबल कापून तिथेच सोडावा लागला. त्याआधी ऑक्टोबर २०११ मध्ये क्विन्स नावाचा रोबोही केबल गुंतल्यामुळे त्याच प्रकल्पाच्या इमारतीत राहिला. ही जगातल्या उत्तम लोकांनी केलेली यंत्रं होती. आपल्याकडे एखाद्या डक्टमध्ये (धूर किंवा हवा नेणाऱ्या पत्र्याच्या मार्गात) किंवा टाकीत रोबो अडकला, तर तो काढायला कुणालातरी आत जावं लागणार. ज्याला वाचवायचं म्हणून रोबो केला, त्यालाच आत पाठवायची वेळ येईल.

आता जागेबद्दल. मळीची टाकी, डिस्टिलरीचा भाग, स्पेंटवॉशचा (डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा) डायजेस्टर, म्हणजे ते कुजवायची बंद टाकी, या जागांना कॉलेजच्या रोबोने हात लावू नये. डायजेस्टरमध्ये मिथेन असतो, हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की पेट घेतो. सोबत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या) आसपास गेलं की नाकाला वास कळेनासा होतो आणि माणूस समजतो की हवा साफ झाली. अशा जागी नेण्याच्या उपकरणाला स्फोटरोधक असल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही केंद्राची संस्था आहे, आणि ते काम एका शैक्षणिक वर्षात बसणारं नाही.

तुमच्यासाठी योग्य जागा म्हणजे हंगाम संपल्यावर थंड झालेल्या बॉयलरचा धुराचा डक्ट, चिमणीचा तळ, फौंड्रीतला रिटर्न सँडच्या (वापरून परत येणाऱ्या वाळूच्या) कन्व्हेअरखालचा खड्डा, केबलचे बोगदे. तिथेही आधी हवा तपासलेली हवीच, पण स्फोटक वायूचा प्रश्न सहसा नसतो.

डक्ट आतून कसा असतो ते सांगतो, म्हणजे चाक आकार का बदलतं हे आपोआप कळेल. तळाला बगॅसची (उसाच्या चोथ्याची) राख, काही ठिकाणी भुसभुशीत, काही ठिकाणी ओल लागून दगडासारखी. दोन प्लेटच्या जोडावर वेल्डची उंच रेघ. मध्येच मजबुतीसाठी आडवा अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) लावलेला, ५० किंवा ६५ मिलिमीटर उंच. वळणावर हवा वळवणाऱ्या पट्ट्या. पाच-सहा फूट सपाट पत्रा आणि मग अचानक उभी पायरी, असं सगळं. साध्या गोल चाकाला आपल्या त्रिज्येएवढी उभी पायरी चढणं जवळपास अशक्य असतं, व्यवहारात तर त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत धरावं. म्हणजे ६५ मिलिमीटरच्या अँगलसाठी अडीचशे मिलिमीटर व्यासाच्या पुढचं चाक लागेल, आणि अशी चार चाकं लावलेली गाडी मॅनहोलमधून (आत शिरायच्या भोकातून) जाणार नाही. बॉयलरच्या ड्रमचा मॅनहोल अंडाकृती असतो, साधारण ४०० गुणिले ३०० मिलिमीटर. डक्टचे दरवाजे थोडे मोठे असतात, पण आधी स्वतः जाऊन टेपने मोजा. ड्रॉइंगवरच्या मापावर विसंबू नका, दुरुस्तीत दरवाजे बदललेले असतात.

मग कायमचेच पाय का नकोत? तीन आऱ्यांचं चाक घ्या, आऱ्याची लांबी १५० मिलिमीटर. सपाट पत्र्यावर ते फिरताना एक आरा उभा असतो तेव्हा धुरा १५० वर, आणि दोन आरे टेकतात तेव्हा ७५ वर. प्रत्येक फेरीत तीन वेळा ७५ मिलिमीटरची उडी. कॅमेऱ्याचं चित्र निरुपयोगी होतं आणि पत्र्याची जाडी मोजणारा अल्ट्रासोनिक प्रोब एका जागी टेकतच नाही. सहा आरे केले तर उडी २० मिलिमीटरवर येते, पण आऱ्यांमधली खाच लहान होऊन पायरीची कड पकडता येत नाही. म्हणून सपाटीवर गोल आणि अडथळ्याला तीन पाय. हौस म्हणून आकार बदलायचा नाही, तपासणीचं काम नीट व्हावं म्हणून बदलायचा.

रचना मुख्यतः दोन जातीच्या. पहिली, चाक आपोआप उघडणारी. सोल राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेलं चाक असं आहे: गोल चाकाचे तीन तुकडे, आणि पायरीच्या कडेशी घर्षण झालं की एक तुकडा उघडतो, तो बाकीचे दोन उघडतो. वेगळी मोटर नाही, आणि त्रिज्येच्या सव्वातीनपट उंच अडथळा चढल्याची त्यांची नोंद आहे. कल्पना अतिशय सुंदर आहे. पण ती घर्षणावर चालते, आणि आपल्या जागी राख, तेल, चिकटा असतो. अँगलवर राखेचा थर असेल तर तुकडा उघडण्याऐवजी घसरेल, किंवा राखेच्या ढिगात नको तिथे उघडेल.

दुसरी जात, आपण सांगू तेव्हा उघडणारी. धुऱ्याच्या आत दुसरा धुरा, दोघांमध्ये थोडा कोन पडला की तुकडे बाहेर येतात. किंवा छत्रीसारखी मधली सरकती नळी, जी पुढे ढकलली की काड्या तुकड्यांना बाहेर लोटतात. मोटर वाढते, वजन वाढतं, पण चाक आपल्या ताब्यात राहतं. तुम्ही ही घ्या, आणि त्यात आत-बाहेर दोन धुऱ्यांची पद्धत घ्या, कारण फिरत्या चाकाच्या आत वायर न्यावी लागत नाही. कोरियातल्याच यंत्रसामग्री संस्थेने २०२४ मध्ये तारांच्या आऱ्यांचा ताण कमी-जास्त करून चाक कडक किंवा मऊ करण्याची रीत दाखवली, ते चाक त्रिज्येच्या १.३ पट अडथळ्यावरून जातं. वाचण्यासारखं काम आहे. पण राखेत आणि वाळूत तेवढ्या तारा आणि जोड सांभाळणं मला अवघड वाटतं.

मोटरचा हिशेब. रोबो १२ किलोचा धरा, म्हणजे ११८ न्यूटन. पुढची बाजू पायरी चढताना निम्मं वजन पुढे आणि वाईट वेळी ते सगळं एकाच चाकावर: ५९ न्यूटन. उघडलेल्या पायाची लांबी ०.१५ मीटर, म्हणून टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) साधारण ९ न्यूटन-मीटर. दुकानदार किलो-सेंटिमीटरमध्ये बोलतात, तो आकडा ९२ होतो. दीडपट राखीव धरा, १४० च्या जवळ जाल. हेच चाक ८० मिलिमीटर त्रिज्येला मिटून सपाट पत्र्यावर चालतं तेव्हा प्रत्येक चाकाला ०.१२ न्यूटन-मीटरसुद्धा पुरतं. दोन्हीत सत्तरपटीहून जास्त फरक आहे. सपाटीचा हिशेब करून मोटर घेतली तर पहिल्याच अँगलवर ती जागीच थांबेल, करंट वाढेल आणि वायंडिंग जळेल. वेग कमी ठेवा, ताशी अर्धा किलोमीटरही खूप झाला. तपासणीला कुठलीच घाई नसते.

आता बाहेर येण्याची गोष्ट. वीज गेली की चाक आपोआप मिटलं पाहिजे, हा माझा आग्रह आहे. मिटलेला रोबो दोरीने ओढला तर गडगडत येतो. पाय उघडलेला रोबो अँगलमध्ये नांगर टाकल्यासारखा रुततो, आणि जितकं ओढाल तितका घट्ट होतो. इथे एक पेच आहे. चाक उघडं धरून ठेवायला सगळे वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक) सुचवतात, कारण तो उलटा फिरत नाही आणि बॅटरी वाचते. पण वीज गेल्यावरही तो तसाच धरून ठेवतो, म्हणजे आपल्याला नको तेच करतो. त्याऐवजी साधा गिअर आणि विजेवर पकडणारा क्लच वापरा. वीज आहे तोवर पकडेल, गेली की सुटेल, आणि स्प्रिंग तुकडे आत खेचेल. त्याच्या जोडीला दोरीवर चालणारी सुटका ठेवा: ओढदोरी थेट चासीला न बांधता एका खिळीतून न्यायची, ठरावीक ताणाला खिळ निघते आणि क्लच यांत्रिक पद्धतीने सुटतो. इलेक्ट्रॉनिक्स पूर्ण मेलं तरी हे चालतं. दोरी आणि केबल एकत्र गुंडाळा, मागच्या बाजूला मधोमध बांधा आणि रोबोचा मागचा भाग पाचरीसारखा निमुळता करा. आत बेतास बात चालणारा पण हमखास बाहेर येणारा रोबो कारखान्याचा चीफ इंजिनिअर दुसऱ्यांदा वापरायला देईल.

चाकाचे तुकडे ज्यावर उघडतात त्या बिजागरीकडे फार थोडे लोक लक्ष देतात, म्हणून थोडं सविस्तर. फौंड्रीची वाळू बारीक आणि कडक असते. पिन आणि ती ज्यात फिरते तो बुश यांच्यात नेहमीसारखा घट्ट फिट ठेवून ग्रीस भरलं, तर वाळू ग्रीसला चिकटून लॅपिंग पेस्ट, म्हणजे धातू घासणारा लेप, तयार होते आणि पिन बघता बघता झिजते. इथे ग्रीस नको. कोरडा पॉलिमर बुश, कडक केलेली पिन, आणि फिट मुद्दाम सैल. दोन तुकड्यांमध्ये इतकी फट ठेवा की आत आलेली वाळू खाली पडून जाईल. राखेतही हेच. बगॅसचा प्रश्न वेगळा: त्याचे धागे धुऱ्याभोवती गुंडाळतात, म्हणून चाक आणि बॉडी यांच्यामध्ये धुऱ्याला टोपी हवी.

विजेची एक मर्यादा पाठ करा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा, १९४८ च्या कलम ३६-अ ने टाकी, पाइप, धुराचा मार्ग अशा बंदिस्त जागांसाठी ती घातली होती: पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचं हातातून नेण्याचं विजेचं उपकरण आत वापरायचं नाही. बाजारात सहज मिळणारा सहा सेलचा लिथियम पॅक लोक २२ व्होल्टचा म्हणून घेतात, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो २५.२ व्होल्ट असतो. पाच सेलचा घ्या, २१ च्या वर जात नाही.

पुढे कधी स्फोटक वायूच्या जागेकडे वळायचं असेल, तर दोन सवयी आतापासून लावा. प्लास्टिकचे प्रिंट केलेले तुकडे उघडे ठेवू नका, घर्षणाने त्यांच्यावर स्थिर वीज साठते. विद्युतवाहक रबर लावा. आणि पायाच्या टोकाला उघडं ॲल्युमिनियम नको, गंजलेल्या लोखंडावर ते आपटलं तर पेट देण्याइतकी गरम ठिणगी उडू शकते.

तुमचा मार्गदर्शक विचारेल की रणगाड्यासारखी पट्ट्याची गाडी का नाही. प्रश्न रास्त आहे. तेलवायू प्रकल्पांसाठी टोटल कंपनीने घेतलेली आर्गोस स्पर्धा २०१७ मध्ये जिंकली ती पट्ट्यांवर चालणाऱ्या रोबोने. एकसारख्या पायऱ्यांचा जिना असेल तर मीही पट्टाच घेईन. पण पट्टा आणि रोलर यांच्यात वाळू-राख अडकते, जागच्या जागी वळताना पट्टा निखळू शकतो, आणि बंद पडलेली पट्ट्याची गाडी दोरीने ओढणं जड जातं. डक्टसाठी मी चाकाच्या बाजूने आहे.

चाचणीसाठी आधी कारखान्यात जाऊ नका. वर्कशॉपमध्ये तीन मीटरचा पत्र्याचा बोगदा करा, आत ५० आणि ६५ चे अँगल वेल्ड करा, तोंडाला मॅनहोलच्या मापाचं भोक कापलेली प्लेट लावा. शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीकडे वापरलेली वाळू मागा, नाही म्हणणार नाहीत. चिकट्यासाठी गुऱ्हाळावरून काकवी आणा. ती पत्र्यावर पसरा, वरून बगॅस टाका आणि रात्रभर सुकू द्या, सकाळी बिजागऱ्या उघडतात का ते बघा. मग रोबो दुसऱ्या अँगलवर चढवा, पाय पूर्ण उघडलेले असताना बॅटरीची वायर काढा, आणि गटातल्या सगळ्यात किरकोळ मुलाला एका हाताने दोरी ओढायला सांगा. दोरीला स्प्रिंगचा ताणकाटा लावून किती किलोला रोबो निघाला ते प्रत्येक वेळी लिहून ठेवा. अहवालात हा तक्ता पहिल्या पानावर घाला. कुठल्याही कारखान्यात परवानगी मागायला जाल, तेव्हा सेफ्टी ऑफिसर सगळ्यात आधी तोच मागेल.