अंदमानला अवश्य जा, पण हा हप्ता बरोबर नेऊ नका

प्रश्न : मी ४१ वर्षांचा असून पुण्यात एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात आहे. पत्नी शाळेत गणित शिकवते, मुलगा ११ वर्षांचा आहे. येत्या जूनमध्ये आम्ही कायमचे अंदमानला जाणार आहोत. स्वराज द्वीपवरील एका रिसॉर्टच्या व्यवस्थापकाने 'या, बघू' असे सांगितले आहे. राहण्याची सोय आणि ४० हजार पगार मिळेल असे वाटते. पत्नी तिथे गेल्यावर काम शोधेल. हाताशी ६ लाखांच्या ठेवी आहेत, पुण्यातील फ्लॅटचे महिना १६ हजार भाडे येईल आणि तिथला खर्च ४५ हजार धरला आहे. काम मिळण्यास वर्ष लागले तरी हे पैसे पुरतील का, की भविष्य निर्वाह निधीतील रक्कम काढावी? उतारवयाची चिंता नाही, कारण बँकेतून हमी उत्पन्नाची योजना घेतली आहे : १० वर्षे २ लाखांचा हप्ता आणि बाराव्या वर्षाअखेरपासून १५ वर्षे दरवर्षी अडीच लाख, म्हणजे १२५ टक्के उत्पन्न. दोन हप्ते भरले आहेत, तिसरा ऑगस्टमध्ये आहे. विमाही त्यातच झाला.

उत्तर : तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींचे आहे. वर्षाचा घरखर्च साडेपाच लाख, तिघांच्या पुण्याच्या दोन फेऱ्यांसाठी एक लाख, सामान हलवणे आणि विम्याचे हप्ते मिळून आणखी एक लाख, असे साडेसात लाख होतात. त्यातून भाड्याचे सुमारे दोन लाख वजा केले तर साडेपाच लाख लागतात आणि तुमच्याकडे सहा आहेत, म्हणजे वर्ष कसेबसे निभेल. मात्र या हिशेबात ऑगस्टचा दोन लाखांचा हप्ता नाही, आणि तो भरला तर एकही पगार न मिळता पुढचा उन्हाळा गाठणे तुम्हाला जमणार नाही.

त्यामुळे नोकरीच्या आधी या योजनेविषयीच लिहावे लागेल. '१२५ टक्के' हा आकडा एका वर्षाच्या हप्त्याशी तुलना करून काढलेला आहे आणि तुम्ही भरणार आहात ते दहा हप्ते. शिवाय पहिला रुपया परत येण्यासाठी बारा वर्षे थांबायचे आहे. वीस लाख भरून टप्प्याटप्प्याने साडेसदतीस लाख मिळतात, ही सगळी मुदत हिशेबात धरली की परतावा साधारण साडेचार टक्के पडतो. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर सध्या ७.१ टक्के व्याज मिळते. ज्या अधिकाऱ्याने टेबलापलीकडून १२५ टक्के सांगितले, त्याला हा हिशेब येत नसेल असे मला वाटत नाही.

विमा 'त्यातच झाला' हे वाक्य मला अधिक खटकले. अशा योजनेत मृत्यूनंतर मिळणारी रक्कम सहसा वार्षिक हप्त्याच्या दहापट, म्हणजे तुमच्या बाबतीत २० लाख असते आणि तुमच्या कुटुंबाचा आजचा खर्च धरला तर ती चार वर्षेही पुरणार नाही. एक कोटीचा साधा मुदत विमा घ्या आणि तो राजीनाम्याआधी घ्या, कारण विमा कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते आणि पगारपत्रक हातात असताना जे सहज होते, ते बेकारीत होत नाही. आरोग्य विम्याचेही तसेच आहे : कंपनीचे सामूहिक संरक्षण नोकरीबरोबर संपते आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. बेटावरच्या गंभीर रुग्णाला अनेकदा मुख्य भूमीवर आणावे लागते, तेव्हा ही बाब पुण्यापेक्षा तिथे अधिक महाग पडेल.

आता भरलेल्या चार लाखांचे काय करायचे? न पटलेली पॉलिसी परत करण्याची 'फ्री-लुक' मुदत केव्हाच उलटली आहे. आत्ता पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, तर हमीची किमान रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सव्वा लाखाहून कमी असते. त्याऐवजी हप्ते थांबवून ती पेड-अप केली, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरतीच चालू ठेवली, तर साधारण दोन-दशांश लाभ, म्हणजे बाराव्या वर्षाअखेरपासून वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास मिळत राहतील. सात टक्के दराने त्यांचे आजचे मूल्य अडीच लाखांच्या जवळ जाते. नेमकी रक्कम पॉलिसीच्या अटींवर ठरेल, म्हणून कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागवा. 'इतके भरले आहे तर पुढेही भरू' हा मोह होईल, परंतु उरलेल्या आठ हप्त्यांच्या १६ लाखांवरही परतावा पाच टक्क्यांच्या आतच राहतो. नोकरीतल्या भविष्य निर्वाह निधीला मात्र हात लावू नका. नोकरी सुटल्यावरही त्यावर व्याज जमा होत राहते आणि तुमच्याकडे असलेली ती सर्वांत चांगली गुंतवणूक आहे.

राहिला नोकरीचा प्रश्न. 'या, बघू' याला मी शून्य रुपये धरले आहेत आणि तुम्हीही तसेच धरावे. मोसमी पाऊस केरळच्या आधी अंदमानात पोहोचतो हे आपण दर मे महिन्यात वाचतो. म्हणजे तुम्ही उतराल तेव्हा पर्यटक परतलेले असतील आणि रिसॉर्ट माणसे घेण्यापेक्षा कमी करण्याच्या विचारात असतील. हंगामाची भरती ऑक्टोबरच्या आधी होते, तेव्हा पगार, मुदत आणि पावसाळ्यातील वेतन लिहिलेले नियुक्तिपत्र त्या वेळेपर्यंत मिळते का ते पाहा. शिवाय पत्नीला शिक्षिकेचे काम मिळण्याची शक्यता श्रीविजयपुरममध्ये, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरमध्ये, अधिक आहे आणि तुमचा रिसॉर्ट तिथून बोटीने दीड-दोन तासांवर आहे. रिसॉर्टची राहण्याची सोय फुकट असली तरी दुसरे घर भाड्याचेच असेल. तुमच्या ४५ हजारांत ही दोन घरे मला दिसली नाहीत. तिथल्या शाळा प्रामुख्याने सीबीएसईच्या आहेत, मराठी माध्यम नाही, हेही मुलासाठी आणि पत्नीच्या अर्जासाठी आताच लक्षात घ्या.

तुमच्या व्यवसायाला एक सोय आहे. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२० पासून सुरू झाल्यामुळे इंटरनेट पूर्वीसारखे उपग्रहाच्या भरवशावर राहिलेले नाही. पुण्यातील चार-पाच लहान व्यावसायिकांची जीएसटी विवरणपत्रे आणि हिशेबाची कामे निघण्याआधी मिळवा. त्यातून महिन्याला २० हजार जरी आले तरी वर्षाचे जवळजवळ अडीच लाख होतात, आणि मग रिसॉर्टच्या व्यवस्थापकाशी बोलताना तुम्हाला अजिजी करावी लागणार नाही. ही कामे जूनपर्यंत मिळाली नाहीत, तर निघण्याची तारीख सप्टेंबरवर न्या. ऑगस्टच्या हप्त्यासाठी बँकेला दिलेली ऑटो-डेबिटची परवानगी मात्र कंपनीचे लेखी आकडे तपासताच रद्द करा. पगार थांबला आहे की सुरू आहे, हे ती परवानगी विचारणार नाही.