मूळव्याधीचं मलम पाच दिवस लावूनही आराम नाही: मलम बदलावं का?

पाच दिवस मलम लावताय, तरी आग आणि खाज थांबत नाही, म्हणून दुसरं आणावं का असं तुम्ही विचारलंय. आणण्याआधी सध्याचं मलम नेमकं कुठे लागतंय ते बघा. चूक पुष्कळदा तिथेच असते.

गुदद्वाराच्या आत साधारण 2 सेंटिमीटरवर एक रेषा असते. तिच्या वरच्या मूळव्याधीच्या कोंबांतून रक्त पडतं, पण सहसा दुखत नाही. दुखणं, आग आणि खाज यांची जाणीव खालच्या भागाला, म्हणजे बाहेरच्या त्वचेला होते. त्यामुळे ट्यूबच्या तोंडाला लावायची नळी खोल घालून मलम आत सोडलं, तर दुखतंय ती जागा कोरडीच राहते. गुदद्वारातून घालायची गोळीही वर सरकून जाते. बाहेरच्या आगीला बोटानेच मलम लावायचं.

शौचानंतर कोमट पाण्याने धुवा, साबण नको. जमलं तर 10-15 मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसा. मग मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडं करा, चोळू नका. ओल्या त्वचेवर मलम टिकत नाही, घसरून कपड्याला लागतं. वाटाण्याएवढं मलम पुरतं, पातळ थर द्यायचा. आतही लावायचं असेल तर नळीच्या टोकाला थोडं मलम फासा, डाव्या कुशीवर झोपा, उजवा गुडघा पोटाशी घ्या आणि श्वास सोडताना नळी अलगद सरकवा. अडली तर जोर करू नका. ट्यूब हलकेच दाबत नळी बाहेर काढा आणि नंतर ती नळी साबणाने धुवा.

आता ट्यूबवरची नावं वाचा. लिडोकेन जागा बधिर करतं, काही मिनिटांत आराम मिळतो, पण तो तात्पुरता. हायड्रोकॉर्टिसोन खाज-सूज कमी करतं. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर ते 7 दिवसांच्या पुढे नेऊ नका. त्याने त्वचा पातळ होते, आणि खाज बुरशीमुळे असेल तर ती आणखी फोफावते. फेनिलएफ्रिन रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचारावं. झिंक ऑक्साइडचा थर त्वचेला ओलाव्यापासून वाचवतो.

पहिले दोन दिवस बरं वाटलं आणि मग लावल्या जागी लाली, पुरळ, जास्तच खाज सुरू झाली, असं झालंय का? मग मलमाचीच ॲलर्जी असू शकते. बधिर करणारी औषधं, लॅनोलिन (मलमात घातली जाणारी लोकरीची चरबी) आणि सुगंधी ओले टिश्यू यांनी असं होतं. सगळं बंद करा, फक्त साधी पेट्रोलियम जेली लावा आणि डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी एकावर एक मलमं चढवणं मला सगळ्यात घातक वाटतं; कोणतं सोसत नाही तेच मग कळत नाही.

शौचाच्या वेळी काचेने चिरल्यासारखं दुखतं आणि नंतर तास-दोन तास ठणकतं? तर तो फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या त्वचेला पडलेली चीर, असण्याची शक्यता जास्त. त्याला डिल्टियाझेम किंवा ग्लिसरिल ट्रायनायट्रेट असलेलं मलम डॉक्टर देतात, आणि ते 6 ते 8 आठवडे नेटाने लावावं लागतं. ट्रायनायट्रेटने डोकं दुखतं, आणि सिल्डेनाफिलसोबत (लिंगाच्या ताठरतेसाठी घेतात ती गोळी) ते मुळीच वापरू नये, रक्तदाब धोकादायक खाली जातो.

शौच कडक असेल तर कुठलंही मलम हरतं. रोज कुंथून तीच जागा पुन्हा सोलवटते. इसबगोल आणि त्यासोबत भरपूर पाणी घ्या. पाणी कमी पडलं तर इसबगोल उलट अडकतं. शौचाला पाच मिनिटांपेक्षा जास्त बसू नका.

अचानक निळसर, कडक, अतिशय दुखरी गाठ आली तर 72 तासांच्या आत सर्जनला दाखवा, कारण ती काढण्याचा फायदा त्याच काळात असतो. काळं शौच, शौचात मिसळलेलं रक्त, ताप किंवा वजन घटणं दिसलं तर मलमावर वेळ घालवू नका. रक्त पडणं नव्यानेच सुरू झालं असेल आणि वय 45 च्या पुढे असेल, तर ते मूळव्याधीचंच आहे असं धरून न चालता आतून तपासून घ्या.