एकाच उपग्रहावर तीन कॅमेरे कशाला?

तुमचा प्रश्न असा: रिसोर्ससॅट-२ या जमिनीची चित्रं घेणाऱ्या भारतीय उपग्रहावर ५.८ मीटरचा (म्हणजे चित्रातला एक ठिपका, पिक्सेल, जमिनीवर एवढ्या लांबी-रुंदीचा) लिस-४ कॅमेरा आहे, मग त्याच्या शेजारी २३.५ मीटरचा लिस-३ आणि ५६ मीटरचा ॲविफ्स कशासाठी? त्यापेक्षा सगळं वजन आणि वीज एकाच तीक्ष्ण कॅमेऱ्याला का दिली नाही? वीसेक वर्षं याच प्रतिमांवरून पिकांखालचं क्षेत्र काढायचं काम करते आहे. सुरुवातीला मलाही नेमकं हेच वाटायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मीटर बाजूला ठेवा आणि गुंठ्यांत मोजा. ॲविफ्सचा एक पिक्सेल म्हणजे जवळपास ३१ गुंठे, पाऊण एकराहून थोडा जास्तच. लिस-३ चा साडेपाच गुंठे आणि लिस-४ चा गुंठ्याचा तिसरा हिस्सा. दोन एकरांच्या रानात लिस-३ चे चौदा-पंधरा पिक्सेल बसतात. त्यातले बांधावर पडलेले वगळले, की निखळ त्या पिकाचे म्हणावेत असे चार-पाचच उरतात. लिस-४ मध्ये तेच रान अडीचशेच्या आसपास पिक्सेलांचं होतं. इथपर्यंत तुमचं म्हणणं बरोबर आहे.

आता पट्ट्याकडे या, म्हणजे एका फेरीत कॅमेऱ्याला दिसणाऱ्या जमिनीच्या रुंदीकडे. या तिन्ही कॅमेऱ्यांत फिरता आरसा नाही. संवेदकांची एक लांब ओळ जमिनीचा आडवा काप टिपते, आणि उपग्रह पुढे सरकतो तशी ओळीखाली ओळ लागत जाते. लिस-३ च्या ओळीत ६००० संवेदक आहेत, लिस-४ च्या ओळीत १२,०००. ५.८ ला १२,००० ने गुणा, ७० किलोमीटर येतात. २३.५ ला ६००० ने गुणा, १४१ येतात. ॲविफ्सची दोन डोकी डावी-उजवीकडे कललेली असल्याने त्याचा पट्टा ७४० किलोमीटरचा होतो. आपला महाराष्ट्र पूर्व-पश्चिम ८०० च्या आसपास आहे. पिक्सेल बारीक केला की पट्टा अरुंद होतो, आणि पट्टा अरुंद झाला की त्याच जागेवर परत यायला वेळ लागतो. लिस-३ त्याच गावावर २४ दिवसांनी येतो, ॲविफ्स ५ दिवसांनी. लिस-४ आडवा २६ अंशांपर्यंत वळवता येतो, त्यामुळे त्यालाही ५ दिवसांत एखादी जागा पुन्हा दाखवता येते. पण तुमच्या तालुक्यासाठी तो वळवला, तर त्या फेरीत दुसऱ्या कुणाचा तालुका राहून जातो.

हे २४ आणि ५ किती महागात पडतात ते सोयाबीनवरून बघा. साधारण शंभर दिवसांचं पीक. तेवढ्यात लिस-३ च्या चार फेऱ्या होतात, त्याही सकाळी साडेदहाच्या सुमाराला आणि ऐन पावसाळ्यात. चारही ढगांत गेल्या असा हंगाम मी पाहिला आहे. ॲविफ्सच्या त्याच काळात वीस फेऱ्या होतात. तीन-चार तरी उघडीप सापडते. पेरणी, भर आणि काढणी यांतला फरक कळायला तेवढ्या पुरतात. धूसर का होईना, पण वेळेवर मिळालेलं चित्र मला नेहमीच जास्त कामाचं वाटलं आहे.

उजेडाचाही हिशेब आहे. ८१७ किलोमीटर उंचीवरच्या या उपग्रहाखालून जमीन सेकंदाला सुमारे ६.६ किलोमीटर सरकते. म्हणजे लिस-४ ला एका ओळीसाठी ०.८८ मिलिसेकंद मिळतात, लिस-३ ला त्याच्या चौपट. पिक्सेलचं क्षेत्र सोळापट लहान, वेळ चौथाई, म्हणजे प्रकाश चौसष्टपट कमी. तो भरून काढायला लिस-४ मध्ये तीन आरशांची मोठी दुर्बीण बसवावी लागली. लिस-३ चं काम भिंगांवर भागतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी लिस-४ कडे मुळातच नाही: चौथा बँड. बँड म्हणजे कॅमेरा वेगळा करून टिपतो तो प्रकाशाचा एक ठरावीक भाग. लिस-४ हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त (लालच्या लगेच पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) एवढंच बघतो. लिस-३ आणि ॲविफ्स त्यापुढे १.५५ ते १.७० मायक्रोमीटरचा लघुलहरी अवरक्त बँडही बघतात. सिलिकॉनचा संवेदक १.१ मायक्रोमीटरच्या पलीकडे आंधळा असतो, म्हणून या बँडसाठी इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचे वेगळे संवेदक लागतात. पानातलं पाणी हा प्रकाश शोषून घेतं. पाणी कमी झालं की पान या बँडमध्ये उजळ दिसायला लागतं.

मोहोळ तालुक्यातले दोन उसाचे फड मला आजही आठवतात, एकाच बांधाच्या दोन बाजूंना. लिस-४ च्या चित्रात दोन्ही सारखेच लालभडक होते; या चित्रांत जवळचा अवरक्त लाल रंगात दाखवतात, त्यामुळे जोमदार पीक लाल दिसतं. लिस-३ च्या चौथ्या बँडमध्ये मात्र एक फड गडद, दुसरा फिका. प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. गडद फडात ठिबक चालू होतं. फिक्या फडाच्या विहिरीने तळ गाठला होता. उभा ऊस अजून हिरवागार होता, पण दुपारच्या उन्हात पानांची सुरळी होत होती. शेतकऱ्याला ते ठाऊक होतंच. आम्हाला ते ८१७ किलोमीटरवरून कळलं, ते साडेपाच गुंठ्यांच्या त्या ‘धूसर’ पिक्सेलांमुळे.

तिन्ही कॅमेरे एकाच उपग्रहावर असण्याचा फायदाही इथेच आहे. तोच क्षण, तोच सूर्य, हवेतली तीच धूळ. लिस-४ चा पट्टा लिस-३ च्या पट्ट्यात आणि तो ॲविफ्सच्या पट्ट्यात. आम्ही लिस-४ वर रानं ओळखतो, तीच ओळख लिस-३ ला शिकवतो आणि मग ॲविफ्सवर जिल्हेच्या जिल्हे मोजतो. तीन वेगळ्या उपग्रहांवर तीन वेगळ्या वेळी घेतलेली चित्रं असती, तर आधी त्यांचा उजेड आणि जागा जुळवण्यातच आठवडा गेला असता.

ढगांवर मात्र या तिघांकडेही उपाय नाही. त्यासाठी ढगांपार बघणारा रडारचा उपग्रह हवा: फेब्रुवारी २०२२ चा ईओएस-०४, किंवा ३० जुलै २०२५ ला गेलेला निसार.

तुम्ही तुमच्या तालुक्याच्या कपाशीवर प्रकल्प करताय असं लिहिलंय. तर राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूनिधी पोर्टलवर जाऊन आधी जून ते डिसेंबरची ॲविफ्सची सगळी चित्रं चाळा आणि निरभ्र तारखा वहीत लिहून काढा. त्या तारखांच्या जवळची लिस-३ ची चित्रं उतरवा. लिस-४ चं एकच चित्र घ्या, ऑक्टोबरनंतरचं, आणि ते घेऊन दहा-बारा शेतांवर स्वतः जाऊन या.