वसुलीच्या फेऱ्या मारून मुदत वाढत नाही, सही घ्या

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपवाल्यांनी विचारलंय, शिरोली एमआयडीसीतल्या पार्टीकडं 3 लाख 84 हजार अडकलेत, बिलाला दोन वर्षं दहा महिने झाले, दर महिन्याला स्वतः जाऊन बसतो, ते चहा पाजतात आणि "पुढच्या सोमवारी या" म्हणतात, आता नोटीस पाठवू का? हाच प्रश्न घेऊन माझ्याकडं किती जण येतात, आणि बहुतेक सगळे उशिरा येतात.

माल दिला, पैसे आले नाहीत, त्यावर बोलत बसत नाही. तुमचं सगळं अडलंय ते 1963 च्या मुदत कायद्यावर. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. तुमच्या बिलावर 30 दिवसांची उधारी छापलीय, म्हणून मोजणी ते दिवस संपल्यावर सुरू, म्हणजे हातात जेमतेम तीन महिने, आणि मी तरी बिलाच्या तारखेपासूनच धरून चालीन, उगाच वाद नको. डायरीतल्या फेऱ्यांच्या तारखा बघितल्या, पण त्यानं मुदत एक दिवसही वाढत नाही, तोंडी "देतो" नं नाही आणि वकिलाच्या नोटिशीनंही नाही.

वाईट याचं वाटतं की आठ महिन्यांपूर्वी 20 हजार रोख मिळाले तेव्हा पावती तुम्ही फाडली, सही फक्त तुमची. याच कायद्याच्या कलम 19 ला, म्हणजे थोडे पैसे मिळाले म्हणून मुदत नव्यानं धरायला, पैसे देणाऱ्याच्या हातचं किंवा सहीचं लिखाण लागतं. त्याच पावतीवर त्यांची सही घेतली असती तर तिथून नवी तीन वर्षं मिळाली असती, अहो दोन मिनिटांचं काम होतं!

आता कलम 18 धरा, म्हणजे बाकीची लेखी कबुली. तुमच्या वहीतल्या त्यांच्या खात्याचा उतारा छापून न्या, खाली "आजअखेर इतके रुपये देणे बाकी आहे" एवढंच लिहून मालकाची सही, शिक्का, तारीख. मुदत संपायच्या आत झाली तरच उपयोग. "माल खराब होता, आत्ता देणार नाही" असं त्यांनी वर लिहिलं तरी चालतं, बाकी कबूल असली म्हणजे झालं. मुनीमजींची सही नको, त्यांना अधिकार होता का यावरच पुढं वर्षभर जाईल. भागीदारी असेल तर सगळ्या पार्टनरच्या सह्या बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज जपून ठेवा, पण फक्त त्यावर विसंबू नका.

सही नाही दिली तर थांबू नका. रक्कम 3 लाखाच्या वर आहे म्हणून दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं मध्यस्थीचा अर्ज करावा लागेल, त्यात गेलेला वेळ मुदतीत धरत नाहीत. माल द्यायच्या आधीपासून उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद बघणाऱ्या सुलभीकरण परिषदेचा रस्ताही आहे, पण ते कागद बघूनच सांगीन. आणि हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं म्हणून दावा लवकर संपेल असं समजू नका, तो खालच्या कोर्टातच चालणार, वेळ लागणारच.

तिथं जाऊन आवाज चढवू नका, त्यांची मशीन उचलून आणू नका, उलट तुमच्यावरच तक्रार होईल. सोमवारी जाणारच आहात तर उताऱ्याच्या दोन प्रती न्या, सही झालेली एक घेऊन मंगळवारी मूळ बिलं आणि डिलिव्हरी चलनांसकट ऑफिसला या.