जुन्या 16 बोअरसाठी बिस्मथची काडतुसे घरी भरणे कितपत परवडते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मिनेसोटातील शेजारच्या आजोबांनी आपल्याला 1920 च्या दशकातील 16 बोअरची अमेरिकी दुनळी दिली आहे, तिने बदकांची शिकार करण्याची इच्छा आहे, पण शिशाऐवजी वापरतात त्या बिस्मथ धातूच्या छऱ्यांच्या तयार काडतुसांचे दर पाहून आपण बिचकला आहात, तेव्हा काडतुसे भरण्याचे यंत्र, म्हणजे प्रेस, घेऊन ती घरीच भरली तर स्वस्त पडतील का? माझ्याकडे त्याच काळातली, त्याच बोअरची बंदूक आहे आणि गेली अकरा वर्षे मी तिच्यासाठी बिस्मथ भरतो आहे. पैसे वाचतात, परंतु हंगामाला चार खोकी एवढाच आपला वापर असेल तर प्रेसची किंमत भरून निघायला सहा-सात हंगाम जातील.

अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छरे 1991 पासून देशभर बंद आहेत, कारण पाणथळ जागी पडलेले छरे बदके दाणे समजून गिळतात आणि शिशाच्या विषबाधेने मरतात. हा नियम घरी भरलेल्या काडतुसांनाही तितकाच लागू आहे. सर्वांत स्वस्त पर्याय स्टीलचा. स्टील म्हणतात ते खरे तर मऊ लोखंडच, तरीही ते शिशाच्या मानाने फार कठीण असते. चोकमधून, म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या अरुंद भागातून, जाताना शिसे दबते, स्टील दबत नाही. जुन्या काळच्या दुनळीला बहुधा घट्ट चोक आणि पातळ नळ्या असतात, त्यामुळे चोकपाशी नळी फुगून बाहेरून कडे उमटल्यासारखे दिसते. बेल्जियममध्ये बनलेल्या ऑटो-5 या जुन्या शॉटगनच्या मूळ नळीतून स्टील मारू नका, असे ब्राउनिंग कंपनी स्वतःच सांगते, मग आपल्या दुनळीची काय कथा! काही जण चोक कापून मोकळा करून घेण्याचा सल्ला देतील. तो मानू नका. शंभर वर्षे जपलेल्या नळ्या काडतुसांचे पैसे वाचवण्यासाठी कापणे हा उफराटा हिशेब झाला. टंगस्टनमिश्रित मऊ छरे जुन्या नळ्यांना चालतात, पण ते बिस्मथपेक्षाही महाग. म्हणजे जुन्या नळ्यांना चालणाऱ्या बिस्मथवरच फिरून गाडी येते.

आता हिशेब. 16 बोअर याचा अर्थच असा की एक पौंड शिशाच्या सोळा समान गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी या नळीत बसते. म्हणून एक औंस हा या बंदुकीचा स्वाभाविक भार (एका काडतुसातील छऱ्यांचे वजन), आणि एका पौंडात काडतुसेही सोळाच होतात. छऱ्याच्या दराला सोळाने भागले की मुख्य खर्च हाती येतो. समजा बिस्मथ पौंडाला 32 डॉलर पडले, तर एका काडतुसातील छरे 2 डॉलरचे झाले. प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), पावडर (बारूद), वॅड (बारूद आणि छरे यांच्यामधले बूच), वरची चकती आणि भरण पावडर (छऱ्यांमधल्या फटी भरणारी भुकटी) मिळून 40 सेंट धरा. पुंगळी, म्हणजे काडतुसाचे रिकामे कवच, स्वतःचीच वापरलेली, म्हणून फुकट. एकूण 2 डॉलर 40 सेंट. तयार खोके 75 डॉलरचे असेल तर त्यातील 25 पैकी प्रत्येक काडतूस 3 डॉलरचे, म्हणजे बचत 60 सेंट. प्रेस, वजनकाटा आणि किरकोळ हत्यारे यांना 400 डॉलर लागले तर ते वसूल व्हायला सुमारे 670 काडतुसे भरावी लागतील, आणि आपण तर हंगामाला शंभर उडवणार! पावडर आणि प्रायमर कुरियरने मागवल्यास धोकादायक मालाचे वेगळे शुल्क पडते. ते दर खेपेला सारखेच असल्याने दोन-चार जणांनी मिळून मागवलेले बरे. हे सारे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये चीनने बिस्मथच्या निर्यातीवर नियंत्रणे आणल्यापासून या धातूचा भाव बेभरवशाचा झाला आहे, म्हणून खरेदीच्या दिवशीचा दर घालून गणित पुन्हा मांडावे.

एक गोष्ट मात्र पुष्कळ जण आपल्या हातकौशल्याच्या खात्यावर मांडतात, आणि ती तिथली नव्हे. मी एक औंसाऐवजी 7/8 औंस भरतो. त्यामुळे काडतूस आणखी 25 सेंटनी स्वस्त होते, बंदुकीचा धक्का कमी बसतो, आणि तीस-पस्तीस यार्डांवरच्या बदकाला काही फरक पडत नाही. पण ही बचत कमी छरे भरल्याची आहे. हलक्या भाराचे तयार काडतूस मिळाले तर तीच तिथेही होते.

हलक्या भाराची ही सवय मला चुकून लागली. प्रेसमधील माप आकारमानाचे असते आणि त्यावरचा आकडा शिशासाठी कोरलेला असतो. बिस्मथची घनता सुमारे 9.6, तर शिशाची 11 च्या वर. त्यामुळे एक औंसाच्या मापातून बिस्मथ जेमतेम 7/8 औंस पडते. पहिल्या वर्षी मी काट्यावर न तोलता दोन खोकी भरली आणि पौंडामागे काडतुसे जास्त कशी निघाली म्हणून खूश झालो होतो. तेव्हापासून दर दहाव्या काडतुसाचे छरे ताटलीत ओतून तोलतो. पाच नंबरच्या आकाराचे बिस्मथ छरे एका औंसात दोनशेच्या आसपास बसतात, म्हणजे वरच्या दराने एक छरा एक सेंटाचा. कपडे धुण्याच्या यंत्राखाली घरंगळलेले छरे मी गुडघ्यांवर बसून वेचतो, याची घरात यथेच्छ थट्टा होते.

माप चुकते म्हणून शिशाच्या कृतीत नुसते छरे बदलून बिस्मथ भरायचे, असे मात्र कदापि करू नये. बिस्मथ जास्त जागा व्यापते, वॅड बदलते, दाब बदलतो. बिस्मथसाठी आणि कमी दाबासाठी प्रयोगशाळेत तपासून छापलेली कृतीच, त्यातील प्रत्येक घटकासह, जशीच्या तशी पाळावी. 16 बोअरसाठी अशा कृती मोजक्याच आहेत, त्यामुळे स्वस्तातील पावडर किंवा वॅड घेऊन भागवण्याची मुभा नसते. खर्चाच्या अंदाजात हेही धरावे. शिवाय बिस्मथ ठिसूळ असते. त्यात थोडे कथील मिसळलेले असते, तरी बार होताना काही छरे फुटतात. माझ्या पहिल्या खेपेच्या काडतुसांनी कागदावर गोल भोकांबरोबर बारीक, वेडीवाकडी भोकेही पाडली होती. ते फुटलेले तुकडे, पक्ष्यापर्यंत न पोचणारे. छऱ्यांमध्ये भरण पावडर सांगणारी कृती घेतल्यावर ती भोके बरीच कमी झाली.

प्रेस घेण्याआधी बंदूकदुरुस्तीच्या जाणकार कारागिराकडून नळ्यांची जाडी आणि चेंबरची (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या भागाची) लांबी मोजून घ्या. त्या काळच्या 16 बोअरमध्ये 2 9/16 इंची चेंबर सर्रास आढळते, आणि आजचे 2 3/4 इंची काडतूस त्यात विनातक्रार बसते. धोका इथेच आहे. काडतुसावर छापलेली लांबी बार झाल्यावर पुंगळीचे तोंड उघडल्यानंतरची असते. ते तोंड आखूड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात उघडले की वाट अडते आणि दाब वाढतो. चेंबर आखूड निघाले तर मात्र माझा सल्ला बदलेल: तशी तयार बिस्मथ काडतुसे दुर्मिळ आणि फार महाग असतात, तेव्हा पुंगळ्या कापून आणि तोंड गोल दुमडून घरी भरण्याचे कष्ट दुसऱ्याच हंगामात सार्थकी लागू शकतात. चेंबर 2 3/4 इंची असेल तर या वर्षी कमी दाबाची चार तयार खोकी घ्या, रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवा, आणि सराव क्ले पिजनच्या (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवरील नेमबाजीच्या) मैदानावर, जिथे परवानगी असेल तिथे, हलक्या शिशाच्या काडतुसांनी करा. फक्त बदकांना निघताना जाकिटाचे सगळे खिसे उलटे करून पाहा. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे एक काडतूस जवळ सापडले तरी गुन्हा होतो.

चेंबरचे माप हाती आले की इथेच कळवा. आखूड निघाल्यास पुंगळ्या कापण्यासाठी मी वापरतो त्या साच्याची मापे देईन.