सोलरला बायका नको म्हणतात, कारण त्यांना गच्ची माहीत असते

तुमचा प्रश्न असा, की इंदूरच्या घरी सोलर बसवायला आई आणि बायको दोघीही नाही म्हणताहेत, तर पर्यावरणपूरक तंत्रज्ञानात बायकांना पुरुषांपेक्षा कमी रस असतो का?

मुळीच नाही. पर्यावरणाची काळजी बायकांनाच जास्त वाटते, असं बऱ्याच देशांतल्या पाहण्यांत दिसलंय. इंदुरात ओला-सुका कचरा बहुतेक घरांत रोज कोण वेगळा करतं, ते बघा.

सोलरवाला येतो, गच्ची मोजतो, पुरुषांशी किलोवॅट आणि सबसिडी बोलतो (३ किलोवॅटला केंद्राचे ७८,०००) आणि जातो. या ३ किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट जागा लागते. उन्हाळ्यात कुरडया, पापड, वर्षाचे गहू तिथेच वाळतात, हे त्याला कुणी सांगत नाही. पॅनलसाठी सात-आठ फूट उंच लोखंडी स्ट्रक्चर केलं तर खर्च वाढतो, आणि खालच्या सावलीत कपडे वाळतील, कुरडया नाही. त्यापेक्षा पॅनल उत्तरेच्या कठड्याकडे सरकवा आणि दक्षिणेला दहा फुटांचा पट्टा मोकळा ठेवा. दक्षिणेकडे तोंड केलेल्या पॅनलची दुपारची सावली मागे उत्तरेला पडते, पट्ट्यावर ऊन राहतं.

मग धुणं. धूळ बसली की वीज कमी बनते, म्हणून कोरड्या दिवसांत दर दहा-पंधरा दिवसांनी पॅनल धुवावे लागतात, तेही ऊन चढायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. बोअरिंगचं पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे डाग धरतात. नळाला येणारं नर्मदेचं पाणी वापरा आणि वायपरने लगेच निपटा. हे काम कुणाच्या गळ्यात पडणार, हे घरातल्या बायकांना न सांगता कळतं.

सगळ्यात वाईट म्हणजे 'आता लाईट जाणारच नाही' ही थाप. सोलरचा ऑन-ग्रिड (म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेला) इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःच बंद होतो, नाहीतर लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसेल. बॅटरी नसेल तर भर दुपारी, डोक्यावर एवढं ऊन असताना, मिक्सर बंद. एकदा असं झालं की ती बाई पुढचं काही का ऐकेल?

'बायकांना यातलं कळत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी महिनाभर पॅनल धुवावेत आणि मग बोलावं.

अर्थात सगळ्या बायका सारख्या नसतात. एखादीला खरंच रस नसतो, तसा कित्येक पुरुषांनाही नसतो. तुम्ही मात्र सोलरवाल्याला परत बोलवाल तेव्हा दोघींना गच्चीवर घेऊन जा. मोकळा पट्टा, वरचा नळ आणि लांब दांड्याचा ब्रश कोटेशनमध्ये लिहून घेतल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नका. किती वीज बनते ते दाखवणारं ॲप दोघींच्या फोनवरही टाकून घ्या.